कच्च्या नोंदीची पक्की हमी

दुकानदाराच्या हातावर शंभराची नोट ठेवली की व्यवहार तेथेच संपतो. नोट आपल्या खिशातून गेली आणि त्याच्या गल्ल्यात पडली. ती एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही. एक वस्तू एका वेळी एकाच जागी असते, हा निसर्गाचा नियमच येथे आपली राखण करीत असतो. म्हणूनच आपल्याला त्याची कधी आठवणही होत नाही.

आता नोटेऐवजी संगणकातील एक संदेश घ्या. संदेश असा आहे : ‘माझी दहा नाणी बबनला दिली.’ अशा संदेशाच्या हव्या तितक्या प्रती काढता येतात. इतकेच नव्हे, तर त्याच दहा नाण्यांबद्दल ‘ती चित्राला दिली’ असा दुसरा संदेशही लिहिता येतो. एकच नाणे दोनदा खर्च करण्याच्या या लबाडीला ‘दुहेरी खर्च’ म्हणतात. बँकेच्या व्यवहारात ही लबाडी चालत नाही, कारण सगळ्यांची खाती एकाच बँकेच्या वहीत असतात आणि दुसरा संदेश आला की बँक तो नाकारते.

परंतु बँकच नसेल तर? आणि वही असूनही, तिच्यात नोंद होण्यापूर्वीच पैसे स्वीकारायचे असतील तर? बिटकॉइन नावाच्या कूटचलनात, म्हणजेच क्रिप्टोकरन्सीत, हे दोन्ही प्रश्न उभे राहिले. पहिल्याचे उत्तर २००८ साली मिळाले, दुसऱ्याचे त्यानंतर सात-आठ वर्षांनी. हे दुसरे उत्तर कसे आहे, ते कोठवर टिकते आणि कोठे डळमळते, ते या लेखात पाहू. त्यासाठी आपण एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणार आहोत : माझ्या हाती असलेल्या कागदाला खोटा पाडणारा दुसरा कागद कोण तयार करू शकतो?

सामाईक वही

३१ ऑक्टोबर २००८ रोजी ‘सातोशी नाकामोतो’ हे नाव घेतलेल्या, आजही अज्ञात असलेल्या व्यक्तीने किंवा गटाने नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील योजनेप्रमाणे ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनच्या वहीचे पहिले पान लिहिले गेले. ही वही कोणा एकाकडे नसते. जगभरातील हजारो संगणकांवर तिच्या सारख्याच प्रती असतात. वहीच्या पानाला ‘ब्लॉक’ म्हणतात. आपण त्याला पानच म्हणू.

प्रत्येक नोंदीवर पैसे देणाऱ्याची अंकीय सही असते. ही सही गुप्त किल्लीने, म्हणजे फक्त मालकालाच ठाऊक असलेल्या एका प्रचंड संख्येने, केली जाते. सही खरी की खोटी हे कोणालाही तपासता येते, पण किल्लीवाचून ती कोणालाही करता येत नाही. सही केलेला संदेश प्रथम सर्व संगणकांकडे पसरतो आणि प्रतीक्षायादीत जाऊन बसतो. ही झाली कच्ची नोंद. ती वहीच्या पानावर आली म्हणजे पक्की होऊ लागते.

पान लिहिण्याचा अधिकार मात्र सहजासहजी मिळत नाही. ‘मायनर’ म्हणजे खाणकामगार म्हटले जाणारे संगणक त्यासाठी एक कोडे सोडवतात. कोड्याच्या मुळाशी ‘हॅश’ नावाची गणिती क्रिया आहे. कोणताही मजकूर या क्रियेत घातला की २५६ अंकी द्विमान संख्या बाहेर पडते. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी ती संख्या पार बदलून जाते, आणि संख्येवरून मूळ मजकूर शोधून काढणे व्यवहारात अशक्य असते. पानाची हॅश ठरावीक मर्यादेपेक्षा लहान यावी, असा पानात घालायचा एक आकडा मायनरला शोधावा लागतो. त्याला युक्ती नाही, पुन्हा पुन्हा प्रयत्न करणे एवढाच मार्ग आहे. शिवाय प्रत्येक पानावर आधीच्या पानाची हॅश लिहिलेली असते. त्यामुळे पाने एकमेकांत ओवली जातात. जुने पान बदलायचे म्हटले, तर त्यानंतरची सगळी पाने पुन्हा नव्याने कमवावी लागतात.

सरासरी दहा मिनिटांना एक पान तयार व्हावे अशी योजना आहे, आणि दर २०१६ पानांनी कोड्याची काठिण्यपातळी त्याप्रमाणे कमी-अधिक केली जाते. पण दहा मिनिटे ही केवळ सरासरी आहे. प्रत्येक प्रयत्न आधीच्या प्रयत्नांपासून स्वतंत्र असल्यामुळे पाने घड्याळाच्या ठोक्यांसारखी येत नाहीत. किरणोत्सारी पदार्थाजवळ धरलेल्या गायगर गणकाच्या टिकटिकीसारखी ती अनियमितपणे येतात. किरणोत्साराचेच गणित येथे लागू पडते. अर्धायुकाल सरासरी आयुष्याच्या ०.६९३ पट असतो हे तुम्ही शिकला असाल, किंवा पुढे शिकाल. तेव्हा पुढचे पान ६.९ मिनिटांच्या आत येण्याची शक्यता निम्मी असते. तासाभरात एकही पान न येण्याची शक्यता सुमारे पाव टक्का असते. दिवसाला सरासरी १४४ पाने येतात. त्यामुळे साधारण तीन दिवसांतून एकदा तरी असा कोरडा तास वाट्याला येतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

कच्ची नोंद का फसवते?

समजा, अलकाने बबनच्या दुकानातून पुस्तक घेतले आणि दहा नाणी दिल्याचा संदेश पाठवला. बबनला तो आपल्या संगणकावर दिसला. सही खरी आहे. त्याने पुस्तक देऊन टाकले. त्याच सुमारास अलकाने तीच नाणी स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात वळवणारा संदेश इतर संगणकांकडे सोडला. त्यावरही तिचीच खरी सही आहे. दोन्हींपैकी एकच पानावर येणार. कोणता, हे पान लिहिणारा मायनर ठरवणार.

‘जो आधी आला तो खरा,’ असे तुम्ही म्हणाल. पण आधी कोणाकडे? जाळ्यातून संदेश पसरायला वेळ लागतो. काही संगणकांना पहिला संदेश आधी दिसेल, काहींना दुसरा. सर्वांना मान्य असे एक घड्याळ या जाळ्यात नाहीच. खरे म्हणजे वहीची पाने हेच त्याचे घड्याळ होय. घासान करामे, एली अँद्रुलाकी आणि सर्जान चापकुन यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले की, ताबडतोब माल देणाऱ्या विक्रेत्याला अशा रीतीने थोड्या खर्चात आणि मोठ्या शक्यतेने फसवता येते, आणि काही सेकंद थांबून जाळ्याकडे कान लावला तरी पुरेसे संरक्षण मिळत नाही. पुढे तर जास्त शुल्क देऊन कच्ची नोंद बदलण्याची सोय उघडपणेच ठेवण्यात आली. सर्वाधिक वापरातल्या ‘बिटकॉइन कोअर’ या प्रणालीने २०२४ सालच्या २८व्या आवृत्तीपासून ती सर्वच कच्च्या नोंदींना लागू केली.

आता आपला प्रश्न विचारू. बबनच्या कागदाला खोटा पाडणारा कागद कोण तयार करू शकतो? अलका. तिला कोणाची संमती लागते? कोणाचीच नाही. म्हणून ही कच्ची नोंद म्हणजे केवळ तोंडी वचन होय.

पान लिहिले गेल्यावर चित्र बदलते. आता अलकाला मायनर होऊन पानांची दुसरी, अधिक लांब माळ ओवावी लागेल. समजा, जाळ्यातील एकूण संगणनशक्तीच्या १० टक्के शक्ती तिच्यापाशी आहे. मग प्रत्येक नवे पान तिचे असण्याची शक्यता ०.१ आणि इतरांचे असण्याची ०.९. प्रत्येक पावलाला पुढे जाण्यापेक्षा मागे पडण्याचीच शक्यता नऊपट अशी ही शर्यत आहे. तिची बरोबरी होण्याच्या शक्यता नाकामोतोच्या निबंधात दिल्या आहेत :

नंतर जोडलेली पाने १ : शक्यता २०.४६ टक्के
नंतर जोडलेली पाने २ : शक्यता ५.१० टक्के
नंतर जोडलेली पाने ३ : शक्यता १.३२ टक्के
नंतर जोडलेली पाने ४ : शक्यता ०.३५ टक्के
नंतर जोडलेली पाने ५ : शक्यता ०.०९ टक्के

नोंदीचे स्वतःचे पान धरून सहा पाने होईपर्यंत थांबावे, असा प्रघात का पडला ते यावरून कळेल. सहा पाने म्हणजे सरासरी एक तास.

दुसऱ्या थराची गरज

पुस्तक घेऊन तासभर दुकानात उभे राहणे कोणाला परवडेल? अडचण एवढीच नाही. सुरुवातीच्या काळात पानाचा आकार जास्तीत जास्त १० लक्ष बाइट होता. एका नोंदीला सुमारे २५० बाइट लागतात असे धरले, तर पानावर ४००० नोंदी मावतात. ६०० सेकंदांत ४००० म्हणजे सेकंदाला सातही नाहीत. २०१७ साली नियम बदलून ही मर्यादा थोडी वाढली, पण फार नाही. तुलनेसाठी आपल्याकडील यूपीआय घ्या. २०२४ साली यूपीआयवरून सुमारे १७,२०० कोटी व्यवहार झाले, म्हणजे सेकंदाला सरासरी पाच हजारांहून अधिक.

तेव्हा विचार असा पुढे आला की, प्रत्येक व्यवहार वहीत लिहायचाच कशाला? रोजच्या ग्राहकाचा हिशेब दुकानदार महिनाभर वेगळा ठेवतो आणि महिनाअखेरीस एकदाच चुकता करून घेतो. तसेच येथे करता येईल का? फरक इतकाच की दुकानदाराचा ग्राहकावर विश्वास असतो, आणि येथे दोघेही एकमेकांना अनोळखी आहेत. ही अडचण ओलांडणारी योजना जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांनी २०१५ साली मांडली. तिचा सुधारित निबंध जानेवारी २०१६ चा आहे. ‘लायटनिंग’ म्हणजे वीज, या नावाने ती ओळखली जाते आणि २०१८ पासून प्रत्यक्ष वापरात आहे. मूळ वही हा पहिला थर, आणि तिच्यावर उभारलेली ही व्यवस्था म्हणजे दुसरा थर.

दोन कुलपांची पेटी

अलका आणि बबन मिळून एक ‘चॅनेल’ उघडतात. चॅनेल म्हणजे दोन कुलपे असलेली पेटी समजा. एका कुलपाची किल्ली अलकाकडे, दुसऱ्याची बबनकडे. दोघांच्या सह्या असल्याशिवाय पेटीतून नाणे बाहेर निघत नाही. अलका या पेटीत दहा नाणी ठेवते आणि ही एकच नोंद वहीत पक्की केली जाते.

बबनने नंतर सहीच दिली नाही तर अलकाची नाणी कायमची अडकतील. म्हणून पेटीत नाणी टाकण्यापूर्वीच ती बबनकडून ‘अलकाला १०, बबनला ०’ अशा वाटणीच्या कागदावर सही घेऊन ठेवते. हा कागद वहीकडे पाठवला की वाटणी होईल, पण तो पाठवायचा नाही, जपून ठेवायचा. कागदावर पेटीच्या नोंदीचा अनुक्रमांक लिहिलेला असतो. पूर्वी नोंदीचा अर्थ न बदलता तिचा अनुक्रमांक बदलण्याची एक पळवाट होती आणि तसे झाले तर हातातला कागद निरुपयोगी ठरला असता. ऑगस्ट २०१७ मधील नियमबदलाने ही पळवाट बंद झाली, तेव्हाच ही योजना भक्कम पायावर उभी राहिली.

अलकाने एक नाण्याचे पुस्तक घेतले की दोघे मिळून ‘अलकाला ९, बबनला १’ असा नवा कागद करतात. पुढच्या खरेदीला ‘८ आणि २’. यांपैकी काहीच वहीत जात नाही. पाने लिहिली जाण्याची वाट पाहावी लागत नाही. क्षणार्धात काम होते.

येथे आपला प्रश्न पुन्हा विचारा. बबनच्या हातातील कागदाला खोटा पाडणारा कागद अलका एकटी तयार करू शकते का? नाही. पेटीला दोन कुलपे आहेत, बबनच्या सहीवाचून तिला नवा कागद करताच येणार नाही. कच्च्या नोंदीतला मूळचा दोष येथे गेला.

पण पूर्णपणे नाही. बबनने पूर्वी सह्या केलेले जुने कागद अलकाकडे आहेतच! ‘९ आणि १’ चा कागद तिने गुपचूप वहीकडे पाठवला तर?

रद्द झालेला कागद

जुना कागद फाडून टाकला असे अलका म्हणेल, पण संगणकातला कागद फाडल्याचा पुरावा काय? त्याची प्रत राहू शकते. तेव्हा कागद नष्ट करण्याचा नाद सोडून तो वापरणे धोक्याचे करून ठेवले आहे.

अलकाच्या प्रतीवर असे कलम असते : ‘बबनचा वाटा बबनला लगेच मिळेल. अलकाचा वाटा अलकाला १४४ पानांनंतर मिळेल. त्यापूर्वी बबनने या कागदाची रद्दकिल्ली दाखवली, तर तो वाटाही बबनचा.’ बबनच्या प्रतीवर याच्या उलट कलम असते. प्रत्येक कागदाची रद्दकिल्ली निराळी असते आणि कागद चालू असेपर्यंत ती ज्याच्या त्याच्यापाशी गुप्त राहते. नव्या कागदावर सह्या झाल्या की दोघेही जुन्या कागदाच्या रद्दकिल्ल्या एकमेकांच्या स्वाधीन करतात. किल्ली हाती आली त्याच क्षणी पैसे पोचले असे समजायचे.

आता अलकाने जुना कागद वहीकडे पाठवला तर तिचा वाटा १४४ पाने, म्हणजे सुमारे एक दिवस, अडकून राहतो. तेवढ्या अवधीत बबन रद्दकिल्ली दाखवतो आणि पेटीतली सगळीच्या सगळी नाणी घेऊन जातो. वहीला यातले भांडण कळत नाही. ती फक्त सह्या, किल्ल्या आणि पानांची संख्या तपासते. पंचाची गरज नाही, कोर्टाची नाही.

दंडाचे गणित

ही शिक्षा पुरेशी आहे का? हे आपण आकडे घालूनच पाहू. समजा, सध्याचा कागद ‘अलकाला २, बबनला ८’ असा आहे आणि अलका जुना ‘९ आणि १’ चा कागद पाठवते. पकडली गेली नाही तर तिला ९ – २ = ७ नाण्यांचा फायदा. पकडली गेली तर आहेत ती २ नाणी जातील. पकडले जाण्याची शक्यता ‘प’ मानू. तिचा सरासरी फायदा

७ × (१ – प) – २ × प = ७ – ९प

हा फायदा शून्य होतो तेव्हा प = ७/९, म्हणजे सुमारे ०.७८. बबन वहीवर १०० पैकी ७८ वेळांपेक्षा जास्त वेळा लक्ष ठेवत असेल, तरच अलकाला लबाडी तोट्याची ठरेल.

आता सध्याचा कागद ‘० आणि १०’ असा आहे असे समजा. अलकाजवळ गमावण्यासारखे काहीच उरले नाही. मग दंडाची भीती कशाची? म्हणून लायटनिंगच्या नियमांत प्रत्येकाने पेटीत थोडी अनामत कायम ठेवावी असे सांगितले आहे. सुचवलेले प्रमाण पेटीतील रकमेच्या एक टक्का आहे. दहा नाण्यांवर ०.१ नाणे. वरचेच गणित पुन्हा करा. फायदा ८.९, तोटा ०.१, आणि प = ८.९/९ = ०.९८९. अनामत असूनही बबनला जवळजवळ अखंड पहारा द्यावा लागेल.

यावरून महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. दंडाचा आकडा मोठा दिसतो, पण खरे संरक्षण पहाऱ्यात आहे. दिवसभर संगणक बंद राहिला तर? त्यासाठी ‘टेहळणी बुरूज’ नावाची सोय आहे. बबन प्रत्येक जुन्या कागदाविरुद्धची दंडाची कारवाई आधीच तयार करून, कुलूपबंद पाकिटात घालून, चोवीस तास चालू असणाऱ्या दुसऱ्या संगणकाकडे ठेवतो. पाकिटाची किल्ली त्या जुन्या कागदाच्याच अनुक्रमांकातून मिळते. त्यामुळे लबाडी घडली तरच पाकीट उघडते. एरवी पहारेकऱ्यालाही बबनचा हिशेब कळत नाही.

अनोळखी मध्यस्थ

प्रत्येक दुकानदाराशी वेगळा चॅनेल उघडणे अवघडच. समजा, अलकाला चित्राला ३ नाणी द्यायची आहेत. दोघींचा आपसात चॅनेल नाही, पण बबनशी दोघींचाही आहे. बबनमार्फत पैसे पाठवले तर तो मध्येच ते खिशात घालणार नाही कशावरून?

येथे हॅश पुन्हा कामाला येते. चित्रा एक मोठी यादृच्छिक संख्या मनाशी धरते. हे तिचे गुपित. त्याची हॅश ती अलकाला कळवते. अलका बबनबरोबरच्या कागदात नवे कलम घालते : ‘ही हॅश ज्याची आहे ते गुपित ८० पानांच्या आत दाखवशील तर ३ नाणी तुझी, नाहीतर ती मला परत.’ बबन तसेच कलम चित्राबरोबरच्या कागदात घालतो, मात्र मुदत ४० पानांची ठेवतो. चित्रा गुपित दाखवून बबनकडून ३ नाणी घेते. तेच गुपित अलकाला दाखवून बबन आपली भरपाई करून घेतो. मध्यस्थीबद्दल त्याला अल्पसे शुल्क मिळते. गुपिताचा अंदाज बांधून नाणी लाटायची म्हटले, तर सुमारे १ वर ७७ शून्ये एवढ्या संख्यांतून ते शोधावे लागेल. तो मार्ग बंदच आहे.

दोन मुदतींत फरक का? दोन्ही ८० पानांच्या असत्या, तर चित्राने अगदी शेवटच्या क्षणी गुपित दाखवून बबनकडून नाणी घेतली असती, आणि बबन अलकाकडे वळेपर्यंत त्याची मुदत संपली असती. मधली ४० पाने हा बबनचा श्वास घेण्याचा अवधी आहे. तो सरासरी ४०० मिनिटांचा असला तरी नेमका तेवढा नसतो. किरणोत्साराच्या मोजणीत जसा संख्येच्या वर्गमुळाएवढा चढउतार अपेक्षित असतो, तसाच येथेही असतो. ४० चे वर्गमूळ ६.३, म्हणून चढउतार सुमारे ६३ मिनिटांचा. मुदत फक्त ६ पानांची असती तर ६० मिनिटांत जवळजवळ २५ मिनिटांचा चढउतार झाला असता. मुदती ऐसपैस का ठेवाव्या लागतात त्याचे हे एक कारण.

कमकुवत दुवा : मुदत

आतापर्यंत एक गोष्ट आपण गृहीत धरली आहे : बबनने दंडाची किंवा भरपाईची मागणी वहीकडे पाठवली की ती मुदतीच्या आत पानावर येईल. हे गृहीत नेहमीच खरे ठरेल का? अडचणी नेमक्या येथेच आहेत.

पहिली अडचण गर्दीची. पानावर जागा मर्यादित असते आणि जास्त शुल्क देणाऱ्याची नोंद आधी घेतली जाते. जोना हॅरिस आणि अविव जोहर यांनी २०२० साली असा हल्ला वर्णिला की, हल्लेखोर एकाच वेळी पुष्कळ चॅनेलांत गुपितांची कलमे अडकवून ठेवतो आणि सर्वांना एकदम वहीकडे धाव घ्यायला लावतो. गर्दीत काहींच्या मागण्या मुदतीत पोचत नाहीत, आणि तेवढी नाणी हल्लेखोराला मिळतात. एका चॅनेलात एका दिशेने अशी ४८३ कलमे असू शकतात, हे पाहिले म्हणजे गर्दीची कल्पना येते.

दुसरी अडचण नोंद बदलण्याच्या सोयीतून निघते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंत्वान रिआर यांनी ती जाहीर केली. मध्यस्थाच्या दोन्ही बाजूंचे लोक संगनमताने वागले, तर ते मध्यस्थाची परताव्याची कच्ची नोंद जास्त शुल्काच्या नोंदीने प्रतीक्षायादीतून हुसकावतात आणि मग आपली नोंदही दुसऱ्या नोंदीने काढून टाकतात. हे चक्र दुसरी मुदत संपेपर्यंत फिरवत राहिले की मध्यस्थ बुडाला. यावर उपाय म्हणून मागणी पुन्हा पुन्हा पाठवत राहणे, शुल्क वाढवत नेणे आणि मुदती लांबवणे असे मार्ग योजले गेले. त्यांनी हल्ला महाग होतो, समूळ नाहीसा होत नाही.

तिसरी अडचण फार लहान रकमांची. वहीत लिहिण्याचे शुल्कच रकमेपेक्षा जास्त असेल, तर त्या रकमेचे कलम कागदात घालण्यात अर्थ नाही. अशी रक्कम वाटेत असेपर्यंत केवळ भरवशावर असते.

चौथी गोष्ट म्हणजे घाई. पेटीची मूळ नोंद पानावर येण्यापूर्वीच चॅनेल वापरायला देण्याची पद्धतही आहे. आपला प्रश्न विचारून पाहा. ती मूळ नोंद खोटी पाडणारा कागद कोण तयार करू शकतो? पेटीत नाणी टाकणारा, एकटाच. म्हणजे आपण पुन्हा पहिल्या पायरीवर आलो. वरचे सगळे कागद बिनचूक असले तरी पाया वाळूचा आहे. जेथे चॅनेल उघडणाऱ्यावर मुळातच विश्वास आहे, तेथेच ही पद्धत वापरणे शहाणपणाचे.

तात्पर्य

दोन कच्च्या नोंदी दिसायला सारख्या असतात, पण त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते. पहिल्या थरातील कच्ची नोंद देणारा एकटा मोडू शकतो. दुसऱ्या थरातील नोंद एकट्याला मोडता येत नाही. मोडण्याचा प्रयत्न झालाच, तर प्रतिकार करण्यासाठी किल्ली आणि मुदत दोन्ही हाती असतात. मात्र ही हमी आपोआप मिळत नाही. वहीवर लक्ष ठेवणे, मुदतीत वहीपर्यंत पोचणे आणि पुरेसे शुल्क देणे या तीन अटी पाळाव्या लागतात. पहिल्या थरात आपण वाट पाहून सुरक्षितता मिळवतो, दुसऱ्या थरात पहारा देऊन. एकीची किंमत साधारण तासाभरात संपते, दुसरीची चॅनेल उघडा आहे तोवर द्यावी लागते.

या लेखाचा हेतू कूटचलनात पैसे गुंतवण्याची शिफारस करण्याचा नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. त्याच्या भावात फार मोठे चढउतार होतात. भारतात ते कायदेशीर चलन नाही, आणि २०२२ सालच्या अर्थसंकल्पापासून अशा व्यवहारातील नफ्यावर ३० टक्के कर आहे. परंतु एकमेकांवर विश्वास नसलेल्या माणसांना नुसत्या गणिताच्या आधारे व्यवहार करता येतो का, हा प्रश्न पैशापुरता मर्यादित नाही, आणि म्हणूनच तो अभ्यासण्याजोगा आहे.

स्वाध्याय

१. सध्याचा कागद ‘अलकाला ५, बबनला ५’ असा आहे आणि जुना ‘८ आणि २’ असा आहे. लबाडी तोट्याची ठरण्यासाठी पकडले जाण्याची शक्यता किती हवी?

२. अलका-बबन मुदत ४० पानांची आणि बबन-चित्रा मुदत ८० पानांची, अशी उलटी ठेवली तर नुकसान कोणाचे व कसे होईल?

३. हल्लेखोराने १०० चॅनेलांत प्रत्येकी ४८३ कलमे अडकवली. पानावर २५०० नोंदी मावतात आणि इतर कोणाचीच नोंद नाही असे धरून, सर्व कलमे निकालात काढायला किती पाने लागतील? त्याला सरासरी किती वेळ लागेल?

४. दोन फासे घ्या. दोन्हींवर सहा पडले तर ‘पान’ मिळाले असे समजा. दोन पानांमध्ये किती फेका गेल्या ते वीस पानांपर्यंत लिहून ठेवा. सरासरी ३६ च्या जवळ येते का? सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड प्रतीक्षा किती होती? हा प्रयोग वर्गात गट पाडून केल्यास निष्कर्ष अधिक चांगले मिळतील.